हिरवा कागद

मोजपट्टी हे नाव तिला दादाने दिलं होतं. लहानपणी तिला काहीही दिसलं की ते किती लांब, किती रुंद हे कळल्याशिवाय चैन पडायचं नाही. दाराची चौकट, पलंग, शेजारचं मांजर, झोपलेल्या दादाचं नाक. पुढे ती इंजिनियर झाली आणि नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात लागली, तेव्हा दादा भेटेल त्याला सांगत सुटला, "आता सरकारच हिच्या हातात टेप देणार. गावाची काही धडगत नाही."

दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून, स्वतःची मान तिरकी करून तो विचारायचा, "आता जग सरळ दिसतंय का? नसेल तर चूक जगाची." आईवडील लवकर गेल्यावर त्यानेच तिला शिकवलं होतं. तिने लग्न केलं नाही, याबद्दल त्याने कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त दर रविवारी जेवायला त्याच्याकडेच यायचं, हा त्याचा दंडक होता. तो, वहिनी आणि त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, असं तिघांचं घर. मोजपट्टी टेकडीवरच्या जुन्या भागात दोन खोल्यांत एकटी राहायची आणि दादा खाली, भरावावर.

भराव म्हणजे शहराचा सखल भाग. तिथे पूर्वी दलदल होती. तीस वर्षांपूर्वी तिच्यात वाळू, राडारोडा आणि मिळेल ती माती ओतून जागा सपाट केली गेली आणि तिच्यावर एकसारख्या दहा इमारती उठल्या, आठ-आठ मजल्यांच्या. वरची सात मीटर जमीन मऊ, पाण्याने भरलेली. तिच्याखाली घट्ट थर. म्हणून प्रत्येक इमारत जमिनीत गाडलेल्या काँक्रीटच्या लांब खांबांवर उभी होती. कामावरची माणसं त्यांना पाइल म्हणतात. पाइल मऊ थरातून आरपार जातात, खालच्या घट्ट थरात रुततात, आणि त्यांच्या डोक्यावर इमारतीचा भार असतो. एकदा माती लोटली की ते पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाहीत.

भूकंप बुधवारी सकाळी सव्वानऊला झाला. मोजपट्टी ऑफिसच्या जिन्यात होती. कठडा धरून तिने मनातल्या मनात सेकंद मोजले, चाळीस भरले. बाहेर आल्यावर तिने पहिला फोन दादाला लावला. तो लागला तेव्हा तो म्हणाला, "आम्ही तिघं धड आहोत. दुकानातले सगळे चष्मे मात्र जमिनीवर उतरलेत, माणसांशिवाय."

दुसऱ्या दिवसापासून तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. खात्यातल्या प्रत्येक इंजिनियरने दिवसाला पंधरा इमारती बघायच्या होत्या. इमारत धोक्याची असेल तर दारावर लाल कागद, शंका असेल तर पिवळा आणि राहायला हरकत नसेल तर हिरवा. त्यासाठी एक छापील फॉर्म होता, बावीस प्रश्नांचा. कॉलमला चिरा आहेत का, जिना सुटलाय का, भिंती ओळंब्यात आहेत का, काचा फुटल्यात का. जमिनीखाली काय झालं असेल यावर एकही प्रश्न नव्हता.

शुक्रवारी दुपारी ती भरावावर पोचली. रस्ता बघून ती जरा थबकली. गटारांची झाकणं त्यांच्याखालच्या काँक्रीटच्या चेंबरसकट गुडघाभर वर आली होती, जणू कुणी खालून ढकलून दिली होती. जागोजाग राखाडी वाळूचे छोटे ढीग होते, प्रत्येकाच्या मधोमध भोक. तीन नंबरच्या इमारतीसमोर बागेत पाण्याची जमिनीखालची टाकी होती. ती तेव्हा रिकामी होती. आता ती हिरवळ फाडून अर्धी बाहेर आली होती आणि एका कडेवर तिरकी तरंगल्यासारखी उभी होती. मोजपट्टीला याचा अर्थ माहीत होता. पाण्याने भरलेली वाळू जोरात हादरली की थोडा वेळ खीर झाल्यासारखी पातळ होते. हलकं असेल ते वर येतं, जड असेल ते खाली जातं.

इमारती मात्र दहाच्या दहा ताठ उभ्या होत्या.

चार नंबरच्या फाटकात दादा तिची वाटच बघत होता. तो सोसायटीचा चेअरमन होता, शिवाय गेले दोन दिवस सगळी इमारत शाळेच्या मैदानावर तंबूत होती आणि वहिनीची कंबर धरली होती.

"ये, मॅडम आल्या," तो म्हणाला. "आमची इमारत तेवढी उंच झालीये बघ. पूर्वी दोन पायऱ्या होत्या, आता तीन लागतात."

खरोखरच इमारतीभोवतीची जमीन वीतभर खाली बसली होती. मुख्य दाराची पायरी अधांतरी राहिली होती आणि दादाने तिच्याखाली विटा रचून वाट केली होती. पायाच्या तुळईखाली एक काळी फट पडली होती. मोजपट्टी गुडघ्यावर बसली, टॉर्च लावला. तुळईची खालची कड दिसली, तिच्यामागे पाइलच्या वरच्या काँक्रीटची बाजू आणि त्याखाली माती. पाइलचं डोकं बघायचं तर अजून दोन हात खणावं लागलं असतं.

तिने मनाशी हिशेब केला तो असा. जमीन बसली आणि इमारत बसली नाही, म्हणजे इमारत पाइलवर आहे. पाइल त्यासाठीच असतात. हे खरंच होतं. पण तिने शिकलेलं आणखी एक होतं. मऊ माती एकीकडे आणि इमारत दुसरीकडे हेलकावते तेव्हा मधल्यामध्ये पाइल पिळवटतो, आणि दोन जागी त्याचे हाल होतात. एक डोक्याच्या अगदी खाली, मानेत. दुसरी, मऊ थर संपून घट्ट थर लागतो तिथे. वर काच तडकत नाही, गिलावा उडत नाही आणि खाली पाइल मोडलेला असू शकतो. पुढे तिने स्वतःला हजारदा विचारलं, त्या क्षणी तुला हे आठवलं होतं की नाही? दर वेळी उत्तर एकच आलं. आठवलं होतं.

पण त्या दिवशी तिच्या यादीत अजून सहा इमारती होत्या, खणायला माणूस नव्हता, आणि फॉर्मचे बावीसच्या बावीस प्रश्न चार नंबरच्या बाजूने होते. तिने जिना बघितला, आठही मजले चढली, कोपऱ्याला ओळंबा लावला. केसभरसुद्धा फरक नव्हता.

"मग?" दादाने विचारलं. "राहायचं घरात, की तंबूतच संसार मांडायचा?"

"वर सगळं ठीक आहे."

"आणि खाली?"

"खाली पाइल आहेत, दादा."

"म्हणजे ठीक."

"ठीक," ती म्हणाली, आणि फाटकावर हिरवा कागद चिकटवला. दादाने तो तळहाताने नीट दाबून सपाट केला, एक कोपरा सुटत होता म्हणून.

त्याच दिवशी बाकीच्या नऊ इमारतींनाही हिरवे कागद लागले. सहा तिने लावले, तीन तिच्या सहकाऱ्याने. माणसं गाद्या, भांडी, टीव्ही घेऊन घरी परतली.

दुसरा मोठा धक्का अकराव्या दिवशी दुपारी चार वाजता बसला. तो पहिल्यापेक्षा लहान होता, वीसेक सेकंदांचा. टेकडीवर तर कपाटावरचं घड्याळही पडलं नाही. भरावावर नऊ इमारती थरथरल्या आणि उभ्या राहिल्या. चार नंबर मात्र आधी एका अंगाला बसली. बघणारे सांगत होते की एखादं दमलेलं माणूस टेकतं तशी ती टेकली. मग मागच्या बाजूला, गाड्या लावायच्या जागेवर, अख्खीच्या अख्खी आडवी झाली.

त्या वेळी आत फार कुणी नव्हतं, असं लोक म्हणाले. अकरा माणसं होती. वहिनी शाळेत शिकवायची आणि शाळा मैदानावरच्या तंबूत भरत होती. मुलगीही तिथेच होती. दादा दुपारचं दुकान बंद करून तासभर आडवा व्हायला घरी आला होता. तो दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. ओळख पटवायला मोजपट्टी गेली. वहिनीला तिने जाऊ दिलं नाही.

वहिनी आणि मुलगी तिच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. पहिले काही दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. वहिनी पहाटे उठून सगळी भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. मोजपट्टी वाट बघत होती. कधीतरी वहिनी विचारेल, ओरडेल, निदान अंगावर एखादं भांडं तरी फेकेल. आठव्या दिवशी तिला राहवलं नाही.

"वहिनी, मी कागद लावला होता."

"माहितीये मला."

"मी खणून बघायला हवं होतं."

वहिनीने हात पुसले आणि तिच्या शेजारी बसली. "हे बघ, तुझ्या साहेबांनी मला सगळं समजावून सांगितलंय. तुम्हाला खणायला सांगितलंच नव्हतं. तू जाणूनबुजून काही केलंस का? तुझाच भाऊ होता तो. स्वतःला खात बसू नकोस. मला आता तू आणि ही पोर, दोघीच आहात."

हे ऐकून मोजपट्टीला बरं वाटायला हवं होतं. ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आली नाही. कुणी शिक्षा केली असती तर ती भोगून तरी झाली असती. माफीचं काय करायचं हे तिला कळेना.

चौकशी समितीपुढेही तेच झालं. लांब टेबलामागे तीन माणसं बसली होती. तिने सरळ सांगितलं की आपल्याला फट दिसली होती, शंका आली होती, आणि आपण खणलं नाही. मधले वयस्कर गृहस्थ सौम्य आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण फॉर्ममध्ये हा प्रश्न नव्हता. तुम्ही नियमाने वागलात." पडलेल्या इमारतीचे पाइल तोवर उघडे पडले होते. बहुतेक सगळे मानेत तुटलेले होते. समितीने लिहिलं की ते दुसऱ्या धक्क्यात तुटले, पहिल्या तपासणीच्या वेळी इमारत सुरक्षितच होती आणि दोष कोणाचाही नाही.

"साहेब, दुसरा धक्का लहान होता," तिने आपल्या वरिष्ठांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. "पाइल पहिल्यातच गेले असणार. तसं असेल तर बाकीच्या नऊ इमारतींखाली काय आहे ते आज बघायला हवं. त्यांच्यात माणसं राहतायत."

साहेब वाईट माणूस नव्हते. तीन आठवडे ते ऑफिसातच दाढी करत होते. "पुरावा काय?" त्यांनी विचारलं. "नऊ इमारती दोन धक्के खाऊन उभ्या आहेत. साडेतीनशे कुटुंबं नुकती सावरलीयेत. तुम्हाला वाटतंय म्हणून मी त्यांची अंगणं खणू? घरी जा. रजा घ्या. तुम्ही झोपलेल्या दिसत नाही."

त्याच आठवड्यात प्लंबर तिच्या घरी आला. भरावावरच्या दहाही इमारतींची कामं तो करायचा. पन्नाशीचा, बुटका, बोलताना समोरच्याच्या पायाकडे बघणारा. वहिनी आणि मुलगी शाळेत गेल्या होत्या. तो खुर्चीच्या काठावर बसला आणि पाणीही नको म्हणाला.

"चार नंबरचा मैल्याचा पाइप तुटला होता," त्याने सुरुवात केली. "जमीन बसली ना, म्हणून. पहिल्या धक्क्यानंतर सहाव्या दिवशी मी तो बदलायला खणलं. पायाच्या तुळईला लागूनच."

"मग?"

"खाली पाइलचं डोकं लागलं. बाई, मी गवंडीकामही केलंय, मला कळतं थोडंफार. काँक्रीटचा भुगा झाला होता. सळया बाहेर फुगून आल्या होत्या, छत्री उलटी होते ना वाऱ्यात, तशा. सळयांभोवतीच्या लोखंडी रिंगा उघडल्या होत्या. मी चेअरमनसाहेबांना बोलावलं. ते आले, खड्ड्यात वाकून बघितलं त्यांनी."

मोजपट्टीने आपली खुर्ची जवळ ओढली.

"मी म्हटलं, साहेब, हे कुणाला तरी दाखवू या. ते म्हणाले, माझ्या बहिणीने बघितलंय सगळं. म्हणाले, ती सुतळीसुद्धा दोनदा मोजते. हिरवा कागद दिलाय तिने. हे आधीपासूनचं काहीतरी असेल, बुजवून टाक." प्लंबरने खिशातून फोन काढला. "मी बुजवलं. पण त्याआधी एक फोटो काढला होता. बिल लावताना दाखवायला म्हणून. मी अजून कुणाला दाखवला नाही. रोज वाटतं पुसून टाकावा. मग म्हटलं, आधी तुम्हाला दाखवू."

फोटो स्वच्छ होता. चिखल, पांढरा नवा पाइप, त्याच्यामागे चुरडलेलं काँक्रीट आणि वाकलेल्या सळया. खड्ड्याच्या वरच्या काठावर दोन पाय आले होते, तपकिरी सँडलमधले, उजव्याचा पट्टा दोऱ्याने शिवलेला. तारीख खाली कोपऱ्यात होती. दुसऱ्या धक्क्याच्या पाच दिवस आधीची.

साहेबांनी मागितलेला पुरावा हाच होता.

तिने फोटो आपल्या फोनवर घेतला आणि संध्याकाळी मुलगी खाली दुकानात गेल्यावर वहिनीपुढे ठेवला. सगळं सांगितलं. वहिनीने फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. काँक्रीटकडे तिचं लक्षच नव्हतं.

"पट्टा मी शिवला होता," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हा दिला तर काय होईल?"

"बाकीच्या इमारती खणून बघतील. खाली तुटलं असेल तर माणसं बाहेर काढतील."

"आणि ह्याचं काय होईल?"

"लोक म्हणतील, चेअरमनला माहीत होतं."

"त्याला पाइलचं काय माहीत होतं? त्याला तू माहीत होतीस." वहिनीने फोन उलटा करून ठेवला. आवाज तिने चढवला नाही. "दहा माणसं गेली त्याच्याबरोबर. त्यांची घरची मला रस्त्यात भेटतात, जवळ घेतात. उद्या ती पोरीच्या तोंडावर थुंकतील. असं कर, प्लंबरने तुला सांगितलं होतं, असं सांग. तुला सांगितलं आणि तू ऐकलं नाहीस. ह्याचं नावच काढू नकोस."

मोजपट्टीला ते पटलं. नुसतं पटलं नाही, तिला हायसं वाटलं. हा गुन्हा तिच्या मापाचा होता.

दुसऱ्या दिवशी तिने फोटोचा वरचा भाग, जिथे पाय दिसत होते तो, कापून टाकला आणि उरलेला साहेबांना दिला. "पहिल्या धक्क्यानंतर सहाव्या दिवशीचा आहे. प्लंबरने मला कळवलं होतं. मी दुर्लक्ष केलं."

साहेबांनी फोटो बघितला, तारीख बघितली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. तासाभरात त्यांनी नऊ इमारतींभोवती खणायचा आदेश काढला. तेवढं काम तरी झालं. पण असा पुरावा नुसता ठेवून घेता येत नाही, त्याचा जबाब लागतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्लंबरला बोलावलं. मोजपट्टी आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आली होती. तिने विनवलं होतं, की तू मला सांगितलंस एवढंच म्हण.

तो खाली बघत म्हणाला होता, "बाई, अकरा माणसं गेलीत. माझ्याच्याने होणार नाही. मी तर तो खड्डा बुजवणारा आहे."

साहेबांपुढे त्याने खरं तेच सांगितलं. "त्या वेळी बाईंना मी ओळखतही नव्हतो. मी चेअरमनला दाखवलं होतं." आणि त्याच्या फोनमधला अख्खा फोटो त्याने टेबलावर ठेवला. साहेबांनी तो फोटो बघितला, मग मोजपट्टीकडे बघितलं. ते रागावले असते तरी तिला चाललं असतं. त्यांच्या नजरेत कीव होती.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी आली. चेअरमनला पाया तुटल्याचं माहीत होतं, बहिणीने ते दडपायचा प्रयत्न केला. अक्षर न अक्षर खरं होतं. कुणी तरी दादाच्या दुकानाच्या काचेवर दगड मारले. आत फ्रेम अजून तशाच मांडलेल्या होत्या, पहिल्या धक्क्यानंतर त्याने एकेक उचलून पुन्हा लावलेल्या. गेलेल्यांपैकी एका म्हाताऱ्याची सून शाळेत जाऊन वहिनीला सगळ्या वर्गापुढे बोलली. मुलीने त्या दिवसापासून शाळेत जाणं सोडलं.

खणायचं काम तिसऱ्याच दिवशी सुरू झालं होतं आणि मोजपट्टी स्वतः प्रत्येक खड्ड्यात उतरत होती. पाच इमारतींखाली पाइल धड निघाले. चार इमारतींखाली माना तुटल्या होत्या. सात नंबरच्या खड्ड्यात तिने हात घातला तेव्हा पाइल आणि वरच्या काँक्रीटच्या मधून तिची बोटं आरपार गेली. वरच्या मजल्यावरून कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता.

त्या चार इमारतींना तिने लाल कागद लावले. दीडशेहून जास्त कुटुंबं पुन्हा मैदानावर गेली, या वेळी कायमची. कुणी तिचे आभार मानले नाहीत, आणि तिने ती अपेक्षाही केली नव्हती. एका माणसाने पाठीवर गादी घेऊन जाताना थांबून तिला विचारलं, "महिन्याभरापूर्वी तुम्हीच हिरवा लावला होता ना? मग तेव्हा काय डोळे मिटले होते?" त्याची बायको त्याला ओढून पुढे घेऊन गेली. मोजपट्टीने पुढच्या दारासाठी लाल कागद काढला आणि कागदाच्या मागे डिंक लावला.

घरी आली तेव्हा वहिनी बॅगा भरत होती. फार सामान नव्हतंच, ढिगाऱ्यातून जे निघालं होतं ते आणि लोकांनी दिलेले कपडे. मुलगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मी तसंच सांगितलं होतं," मोजपट्टी म्हणाली. "तू म्हणालीस तसंच. प्लंबरने ऐकलं नाही."

"वाचलंय मी."

"चार इमारतींखाली तुटलेलं निघालं, वहिनी. चार. माणसं राहत होती त्यांच्यात."

वहिनीने चेन ओढली. ती अर्ध्यात अडकली, तिने मागे घेऊन पुन्हा ओढली. "बरोबर केलंत तुम्ही," ती म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून तर इथे राहवत नाही."

वीस वर्षांत वहिनी तिला कधी तुम्ही म्हणाली नव्हती.

"कुठे जाणार?"

"माझ्या बहिणीकडे. तिकडे शाळेत जागा आहे म्हणे. हिचंही वर्ष वाचेल."

"मी सोडायला येते स्टँडवर."

"नको. रिक्षा सांगितलीये."

मुलगी जाताना दारात थांबली, काही तरी बोलेल असं वाटलं, पण तिने नुसतं चप्पल घालायला भिंतीला हात टेकवला होता. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाल्यावरही मोजपट्टी बराच वेळ खिडकीत उभी होती. मग तिने खोली झाडली.

वर्षभरात चारही इमारती पाडल्या गेल्या. समितीने आपला अहवाल बदलला. पाइल पहिल्या धक्क्यातच तुटले होते, असं मान्य केलं आणि तपासणीत जमिनीखालचाही विचार व्हावा अशी शिफारस केली. दोष कोणाचाही नाही हे वाक्य तसंच राहिलं. मोजपट्टीने राजीनामा दिला तो साहेबांनी स्वीकारला नाही. जमिनीखालचं बघणारी खात्यात ती एकटीच उरली होती. ती रोज ऑफिसला जाते, खड्ड्यांत उतरते, अहवाल लिहिते. तिच्या अहवालात चूक सापडत नाही. नवीन लागलेले इंजिनियर तिला घाबरून असतात.

रविवारी ती वहिनीला फोन करते. फोन मुलगी उचलते आणि म्हणते, आई बाहेर गेलीये. मागे भांड्यांचा आवाज येत असतो, नळ चालू असतो. दोघी शाळेबद्दल, परीक्षेबद्दल दोनचार वाक्यं बोलतात आणि ठेवतात.

एका रविवारी मुलीने फोन ठेवला नाही. नळाचा आवाज येत नव्हता. ती गच्चीवर आली असावी.

"आत्या, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"बाबांना खूप वेळ दुखलं असेल का?"

ढिगारा उपसणाऱ्या पथकाच्या प्रमुखाने, दादा सापडला त्या दिवशी, मोजपट्टीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरच्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. इमारत पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत दादा होता त्या बाजूने ठोकल्याचा आवाज येत होता. धातूवर धातू, थांबून थांबून. त्यांनी तिकडूनच खणायला घेतलं होतं, पण मधल्या तीन स्लॅब त्यांना हलवता आल्या नव्हत्या. दुपारी चारपासून सकाळी आठपर्यंत, सोळा तास. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नाही गं," ती म्हणाली. "लगेच झालं. त्याला कळलंही नसणार."

"नक्की?"

"नक्की."

मुलगी म्हणाली, "तू बघितलं होतंस ना स्वतः, म्हणून तुला विचारलं." आणि अभ्यास आहे म्हणून तिने फोन ठेवला.

मोजपट्टी फोन हातात धरून पलंगावर बसून राहिली. खड्ड्याच्या काठावर दादाही हेच म्हणाला होता, बहिणीने बघितलंय. पुढच्या रविवारी तिने फोन केला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.